प्रोफेसर केळफा

१९०१ सालच्या अखेरीस बडोद्यास राहणारे एक गृहस्थ जादूचे जाहीर प्रयोग करू लागले. प्रयोगासाठी त्यांनी धारण केलेले नाव होते प्रोफेसर केळफा. हे नाव ना मराठी, ना गुजराती, ना धड विलायती! कानांवर पडताच हा कोणी सातासमुद्रांपलीकडचा पाहुणा असावा, असे प्रेक्षकांना वाटावे, हाच त्यामागील हेतू. विद्यार्थीमित्रहो, हे नाव पाटीवर लिहा आणि त्यातील अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे वाचा. फा, ळ, के. ज्यांना आपण भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो, ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, लोकांपुढे प्रथम असे उलटे होऊन उभे राहिले होते.

त्या वेळी त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. हाती स्थिर धंदा नव्हता. घर तर त्याच्या आदल्याच वर्षी उजाड झाले होते. चित्रपट काढण्याचा विचार त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पाठ्यपुस्तकांतून त्यांचे चरित्र सांगताना ही दोन-तीन वर्षे एका ओळीत उरकली जातात. मला मात्र वाटते की, पुढचे दादासाहेब समजून घ्यायचे असतील, तर या केळफामहाशयांपाशी थोडे थांबले पाहिजे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे जाणते पंडित होते. मुलाने आपली विद्या पुढे चालवावी, ही कोणत्याही शास्त्रीबुवांची इच्छा असते, तशी ती त्यांचीही होती. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजाचे हात मात्र पोथीपेक्षा रंगांच्या कुंचल्याकडे वळत होते. १८८५ साली तो सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. नंतर थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासोबत बडोद्यास गेला, आणि तेथे १८९० साली निघालेल्या कलाभवनात प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली शिकू लागला. चित्रकला, मूर्तिकला, वास्तुकला, छायाचित्रण, जे दिसेल ते शिकावे, अशी त्याची वृत्ती होती. गज्जरांनी त्याची ही भूक ओळखली. तीन रंगांचे ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांनी त्याला रतलामला पाठविले. आज आपल्याच मध्यप्रदेशात असलेल्या रतलामचा दादासाहेबांच्या घडणीत असा वाटा आहे, हे आपल्याकडील मुलांनी अवश्य ध्यानात ठेवावे. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. रंगमंच कसा असावा, प्रेक्षकाला कोठून काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार त्या वयापासून त्याच्या डोक्यात होता.

पुढे पोटासाठी त्यांनी गोधरा येथे छायाचित्रणाचा धंदा थाटला. परंतु १९०० साली गोधऱ्यात प्लेगने थैमान घातले आणि त्यात दादासाहेबांची पत्नी व मूल ही दोघेही गेली. त्या दुःखाविषयी अधिक काय लिहावे? ते गाव सोडून ते बडोद्यास परतले आणि तेथे पुन्हा कॅमेरा मांडून बसले.

आता येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. बडोद्याच्या लोकांत अशी समजूत पसरली की, हे यंत्र माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेते आणि ज्याचे छायाचित्र काढले तो लवकर मरतो. बडोद्याच्या राजपुत्रालाही आयुष्य कमी होण्याची धास्ती वाटली आणि त्याने छायाचित्र काढून घेण्यास नकार दिला. दादासाहेबांनी दरबारात छायाचित्रणाचे फायदे समजावून सांगून त्याची समजूत घातली खरी, पण गावाची समजूत काही पटली नाही. गिऱ्हाईक येईना. ज्या यंत्रात कपट नव्हते, केवळ भिंग, प्रकाश आणि रसायन होते, त्याला लोक जादू समजून भ्याले! आणि थोड्याच दिवसांनी हाच मनुष्य जेव्हा उघडउघड जादूगार म्हणून उभा राहिला, तेव्हा ती जादू पाहायला लोक हौसेने येऊ लागले. लोकांच्या भीतीचा आणि कौतुकाचा हिशेब असा विचित्र असतो.

धंदा बसल्यावर दादासाहेबांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचे काम पत्करले. त्या निमित्ताने नाटकाच्या उभारणीची बरीच माहिती झाली आणि क्वचित लहानसहान भूमिकाही वाट्याला आल्या. अशातच एक जर्मन जादूगार फिरत फिरत बडोद्यास आला. दादासाहेबांनी त्याच्याकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले.

जादूगार आपल्याला नवा नाही. आपल्या शनवाऱ्याच्या दरवाजापाशी एखाद्या मदाऱ्याने डमरू वाजवावा, की पाच मिनिटांत माणसांचे कडे उभे राहते. तीन वाट्या आणि चार गोळ्या एवढ्याच भांडवलावर तो तासभर लोकांना खिळवून ठेवतो. चहूबाजूंनी माणसे, पायांखाली उघडी जमीन, मागे ना पडदा ना पेटी, अशा स्थितीत डोळ्यांना चुकविणे हे माझ्या मते थिएटरातील जादूपेक्षा कितीतरी अवघड आहे. युरोपातून येणारे जादूगार निराळ्या थाटाचे असत. त्यांचे प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले, मागे काळे पडदे, दिव्यांची योजना, कोट-पाटलोणीचा ऐटबाज पोशाख, आणि नावापुढे बहुधा प्रोफेसर ही पदवी. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नसे. ज्याची त्याने लावून घ्यावयाची!

पण पोशाख चढविला आणि पदवी लावली म्हणून कोणी जादूगार होत नाही. प्रयोगाची युक्ती कळणे ही या विद्येतील सर्वांत सोपी पायरी होय. ती एका दुपारात कळते. मग आरशापुढे उभे राहून तीच क्रिया इतक्या वेळा करावी लागते की, हाताने काय केले हे स्वतः करणाऱ्याच्याही लक्षात राहू नये. एवढे साधल्यावर लोकांपुढे जावे, तो निराळेच संकट उभे राहते. खोलीत चपळ चालणारी बोटे चारचौघांत घामाने ओली होतात आणि नाणे निसटू पाहते. लपविलेली वस्तू ज्या हातात असते, त्याच हाताकडे नवशिक्याचे डोळे पुन्हा पुन्हा वळतात, आणि जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो, हा तर या विद्येचा पहिला नियम. जाणता जादूगार म्हणून रिकाम्या हाताकडे पाहतो, तोंडाने काही गमतीचे बोलत राहतो आणि त्या बोलण्याच्या आडोशाला खरे काम उरकतो. पुढे काय होणार हे तो आधी सांगत नाही. तोच प्रयोग त्याच लोकांपुढे लागलीच पुन्हा करीत नाही, कारण दुसऱ्या वेळी लोक नेमके हवे तेथे पाहतात. आणि पहिल्या रांगेत बसलेली लहान मुले! मोठी माणसे सभ्यपणाने जादूगाराच्या बोटाच्या रोखाने पाहतात. मुले मात्र स्वतःला वाटेल तिकडे पाहतात. नवशिक्याचा सर्वांत कडक परीक्षक दहा वर्षांचा मुलगा असतो.

दादासाहेब या परीक्षेला इतरांपेक्षा थोड्या अधिक तयारीने बसले होते, असे म्हणावे लागते. छायाचित्रणामुळे उजेड आणि सावली ही त्यांच्या ओळखीची होती. पडदे रंगविल्यामुळे सपाट कापडावर खोली कशी भासवावी ते हातात बसले होते. नाटकातील किरकोळ भूमिकांनी चारचौघांत उभे राहण्याची भीड चेपली होती. तरीही एका शास्त्र्याच्या मुलाने १९०१ साली लोकांपुढे जादूगार म्हणून उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती. नाटकात काम करणाऱ्यालाही जेथे समाज खालच्या नजरेने पाही, तेथे जादूगाराची प्रतिष्ठा ती काय असणार? नाव उलटे करण्याला हेही एक कारण पुरेसे होते. पण गंमत अशी की, त्यांनी नाव फिरविले, टाकले नाही. पुढे पंधरा वर्षांनी चांगला लौकिक झाल्यावरही त्यांनी केळफा हे नाव पुन्हा मोठ्या आनंदाने वापरले. ती हकीकत पुढे येईलच.

१९०२ साली दादासाहेबांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांची गिरिजा, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची पुतणी. विवाहानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून दादासाहेबांना नोकरी लागली आणि प्रोफेसर केळफांचे सामान पेटीत गेले. स्वदेशीच्या चळवळीत १९०६ साली त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली. मग लोणावळ्यास छापखाना काढला, तो दादरला आणला, १९०९ साली जर्मनीहून नवी यंत्रे आणली, नावलौकिक मिळविला, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे सगळे सोडून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. वयाच्या चाळिशीत ते पुन्हा बेकार झाले.

१९११ सालच्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या सुमारास, मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि दादासाहेबांना त्याच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले. ही कथा आपण सर्वांनी वाचलेली आहे. त्यानंतर ते रोज चार-चार पाच-पाच तास चित्रपट पाहू लागले. बाकीचे वेळ घरी भिंगे आणि मेणबत्त्या घेऊन प्रयोग चालत. झोप उडाली आणि अखेर दृष्टी इतकी गेली की, काही काळ त्यांना दिसेनासेच झाले. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी व निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढून त्यांनी सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून घेतला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते मायदेशी परतले.

आता पाहा, जादूगार येथे कसा पुन्हा जागा होतो. यंत्र आले, पण चित्रपट काढायला पैसा हवा. पैसेवाल्यांचा या खेळावर विश्वास नव्हता. दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत सुमारे महिनाभर ते त्या रोपापाशी बसून राहिले. नंतर ती फीत त्यांनी यशवंतराव नाडकर्णी आदी मंडळींना दाखविली. बी फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली, वेल डोलू लागला, आणि हे सारे मिनिटाभरात! आपल्याकडील गारुडी शतकानुशतके आंब्याच्या कोयीचा खेळ करीत आले आहेत. कोय मातीत पुरतात, वर कापड टाकतात, डमरू वाजवितात आणि कापड उचलले की रोप. पुन्हा कापड, पुन्हा डमरू, आणि रोप मोठे. कापडाखाली काय घडते ते त्याचे तो जाणे. दादासाहेबांनी तोच खेळ केला; फक्त कापड काढून टाकले. त्यांचा वाटाणा खरोखरच उगवला होता. या प्रयोगाला प्रेक्षक मोजकेच होते, पण तो फसला असता तर पुढचे काहीच घडले नसते. तो साधला आणि कर्जाची सोय झाली. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही पुढे केले.

राजा हरिश्चंद्राची कथा प्रसिद्धच आहे. दादरला बिऱ्हाड हाच स्टुडिओ. स्त्रीभूमिकेसाठी जाहिरात देऊनही कोणी कुलीन स्त्री पुढे येईना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फितीला भोके पाडीत बसत. रंगमंचावरील जादूगाराचा साहाय्यक जसा प्रेक्षकांना दिसूनही लक्षात राहत नाही, तशा त्या पडद्यावर कोठेच नाहीत. आणि त्यांच्यावाचून खेळ उभा राहिला नसता. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना, आणि ३ मे १९१३ पासून मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात सर्वसामान्यांना हा चित्रपट दाखविण्यात आला. त्या खेळाच्या जाहिरातीत चित्रपटाच्या जोडीला एक नाच, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूचा खेळ छापलेला होता. आपल्या देशातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट असा कसरतवाल्याच्या खांद्याला खांदा लावून रंगमंचावर आला.

पौराणिक कथेत चमत्कार पावलोपावली असतात आणि ते पडद्यावर घडवायचे, तर जादूगारच हवा. कॅमेरा फिरत असता थांबवावा, समोरच्या माणसाने बाजूस व्हावे, बाकीच्यांनी जागचे हलू नये, आणि कॅमेरा पुन्हा चालू करावा. पडद्यावर तो माणूस क्षणात गुप्त होतो. एकाच फितीवर दोनदा चित्र घेतले, की एका देहातून दुसरा देह प्रकटतो. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी या युक्त्या आधीच वापरल्या होत्या, आणि नवल म्हणजे तेही मूळचे जादूगारच! १८८८ साली पॅरिसमधील एक नामांकित जादूचे थिएटर विकत घेऊन ते चालवीत होते. जादूगारांना हे यंत्र इतक्या लवकर आपलेसे वाटावे, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. प्रेक्षकाने कोठे पाहावे हे ठरविणे, हेच दोघांचेही काम.

लंकादहन या १९१७ सालच्या चित्रपटात अण्णा साळुंके हेच राम झाले आणि सीताही. श्रीकृष्णजन्म या १९१८ सालच्या चित्रपटात भयभीत झालेल्या कंसाचे शिर धडावेगळे होऊन हवेत उडते. डोके उडविण्याचा हा खेळ जगभरच्या जादूगारांचा आवडता, पण रंगमंचावर त्यासाठी जी यातायात पडते ती येथे कात्री आणि फितीने भागली. आगकाड्या आपोआप हलून त्यांच्या आकृत्या बनतात, असा एक लहानसा गमतीचा चित्रपटही दादासाहेबांनी काढला होता. आणि याच काळात, पहिल्या महायुद्धामुळे पैसा आटलेला असताना, त्यांनी आपली जुनी पेटी उघडली. स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांनी जादूचे प्रयोग केले व त्या छोट्या चित्रपटाला नाव दिले प्रोफेसर केळफाची जादू.

एका बाबतीत मात्र दादासाहेबांनी जादूगारांचा धर्म मोडला. आपली युक्ती कोणाला सांगायची नाही, हा या धंद्यातील अलिखित करार आहे. बाप मुलाला सांगतो, गुरू शिष्याला सांगतो, बाहेर कोणाला नाही. दादासाहेबांनी चित्रपट कसे तयार होतात हेच दाखविणारा एक चित्रपट काढला, आणि नवयुग मासिकात १९१७–१८ मध्ये लेखमाला लिहून आपल्या धंद्याची सारी हकीकत वाचकांपुढे मांडली. हे शहाणपणाचे होते की नाही, यावर दुमत होईल. पण या देशात हा धंदा एकट्याने चालविण्याचा नव्हे, तो शिकणारे पुष्कळ हात हवेत, हे त्यांनी ओळखले होते. गज्जरांच्या विद्यार्थ्याला हे शोभून दिसते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तेथेही भागीदारांशी बिनसले आणि दादासाहेब सहकुटुंब काशीस निघून गेले. नाशिकहून काशीकडे जाणारा लोहमार्ग आपल्या बऱ्हाणपूर स्थानकावरूनच जातो. काशीत त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, पण ते फारसे चालले नाही. ते कंपनीत परतले, अनेक चित्रपट काढले. परंतु १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. कोल्हापुरात काढलेला १९३७ सालचा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यानंतर काम मिळेना. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला त्या धंद्याला त्यांची फारशी आठवण नव्हती. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो.

त्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी दोन रिळे तेवढी शिल्लक आहेत. १९१९ सालचा कालियामर्दन मात्र बराचसा टिकला असून तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. त्यात कृष्णाची भूमिका दादासाहेबांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. चित्रपटाच्या आरंभी दादासाहेब कथा सुरू करीत नाहीत. पडद्यावर प्रथम मंदाकिनीचा चेहरा येतो. ती हसते, रागावते, भिते, नवल करते. आपली नटी केवढी आहे आणि कोण आहे, हे प्रेक्षकाला उघड दाखवून दिले जाते. मग पाहता पाहता तो मुलीचा चेहरा विरत जातो आणि त्याच ठिकाणी मोरपीस लावलेला बाळकृष्ण उभा राहतो.